हेन्री फोर्ड आणि ब्रेकची सळई: तेलाचा ब्रेक घ्यायला त्याने १९३९ चं मॉडेल का उजाडू दिलं?

हेन्री फोर्डचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. मॉडेल टी, असेंब्ली लाइन, सामान्य माणसाला परवडणारी मोटार, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकापासून रील्सपर्यंत सगळीकडे सांगितली जाते. पण गाडी पळवण्यात सगळ्यांच्या पुढे असलेला हा माणूस ती थांबवण्याच्या बाबतीत स्पर्धकांच्या बराच मागे राहिला होता. बाकीच्या कंपन्या तेलाचे, म्हणजे हायड्रॉलिक ब्रेक देत होत्या, तेव्हा फोर्डच्या गाड्या लोखंडी सळईवरच थांबत होत्या. हे अज्ञान नव्हतं. तो त्याचा विचारपूर्वक केलेला हट्ट होता. आज मी हेन्री फोर्डचं आयुष्य या ब्रेकच्या बाजूने सांगणार आहे. जुनी गाडी दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकापुढे आजही तोच प्रश्न येतो, म्हणून शेवटी त्याबद्दलही बोलू: सळई ठेवायची की तेलावर जायचं?

मी सोनाळ्याचा. बुलढाणा जिल्ह्यात, संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव आहे. आमच्या इकडं व्हिंटेज कार काही रोज दिसत नाहीत. पण हा विषय समजायला व्हिंटेज कार लागतच नाही. दारात उभी असलेली मोटारसायकल पुरते.

आधी दोन्ही ब्रेक समजून घेऊ

साधी ड्रम ब्रेकची मोटारसायकल घ्या आणि वाकून मागचं चाक बघा. पायाच्या ब्रेकपासून चाकापर्यंत एक लोखंडी सळई गेलेली दिसेल, टोकाला एक नट असेल. पाय दाबला की सळई ओढली जाते, ड्रमच्या आतला छोटा दांडा फिरतो आणि ब्रेक शू ड्रमला आतून घासतात. हा झाला मेकॅनिकल ब्रेक. लायनर झिजले की आपण तो नट आवळतो आणि कामाला लागतो. आपल्या आजोबांच्या काळ्या सायकलीचे सळईचे ब्रेकही याच जातीचे.

आता पुढे डिस्क ब्रेक असलेली गाडी बघा. हँडलवर एक छोटी डबी दिसेल, तिच्यात ब्रेक ऑइल असतं. तिथून नळी खाली डिस्कपर्यंत जाते. लिव्हर दाबला की तेलावर दाब येतो आणि तोच दाब खाली पॅडला डिस्कवर आवळतो. हा हायड्रॉलिक ब्रेक. यामागचा नियम सतराव्या शतकातला आहे. ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने तो मांडला: बंदिस्त द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो.

एक सोपा हिशोब करू. समजा तुम्ही कारच्या ब्रेकवर २० किलोचा जोर दिला. पॅडलच्या तरफेने तो पाचपट, म्हणजे १०० किलो झाला. मास्टर सिलिंडरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ ४ चौरस सेंटीमीटर असेल तर तेलात दर चौरस सेंटीमीटरला २५ किलोचा दाब तयार होतो. चाकाजवळच्या पिस्टनचं क्षेत्रफळ ६ चौरस सेंटीमीटर असेल तर तिथे १५० किलोचा जोर मिळतो. पण यातली खरी गंमत जोर वाढण्यात नाही. जोर तर तरफ लावून सळईनेही वाढवता येतो. गंमत अशी, की डावीकडे आणि उजवीकडे पोचणारा दाब अगदी सारखा असतो, आणि त्यासाठी कुणाला काही जुळवावं लागत नाही.

हा सारखेपणा डोक्यात ठेवा. पुढचा सगळा वाद याच्याभोवती फिरतो.

शेतकऱ्याचा पोरगा

हेन्रीचा जन्म ३० जुलै १८६३ चा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या डिअरबॉर्नजवळच्या शेतातला. वडील आयर्लंडहून आलेले शेतकरी. पोराने शेती सांभाळावी ही त्यांची इच्छा. पोराला मात्र शेतीचा कंटाळा आणि यंत्रांचं वेड. हातात आलेलं घड्याळ तो उघडायचा, सुटं करायचा आणि पुन्हा जोडायचा. पुढे शेजाऱ्यापाजाऱ्यांची घड्याळंही तो दुरुस्त करू लागला.

१८७६ हे वर्ष त्याच्यासाठी मोठं ठरलं. त्या वर्षी त्याची आई गेली. आणि त्याच वर्षी त्याने रस्त्यावर स्वतःच्या जोरावर चालणारं वाफेचं इंजिन पहिल्यांदा पाहिलं. घोडे नाहीत, बैल नाहीत, तरी गाडा पुढे सरकतोय! १८७९ मध्ये तो डेट्रॉइटला गेला आणि यंत्रशाळेत उमेदवारी करू लागला. पुढे वाफेच्या इंजिनांची दुरुस्ती केली. १८८८ मध्ये क्लारा ब्रायंटशी लग्न झालं. १८९१ मध्ये डेट्रॉइटच्या एडिसन वीज कंपनीत नोकरी लागली आणि दोनच वर्षांत तो तिथला मुख्य इंजिनिअर झाला. १८९३ मध्येच मुलगा झाला, एडसेल. हे नाव लक्षात ठेवा, ब्रेकच्या भांडणात ते परत येणार आहे.

घरामागच्या शेडमध्ये हेन्रीने पेट्रोलवर चालणारी चारचाकी बनवली. ४ जून १८९६ ला ती तयार झाली. सायकलीसारखी चाकं आणि रिव्हर्स गिअर नाही. बाहेर काढायच्या वेळी कळलं की ती शेडच्या दारातून निघतच नाही. मग कुऱ्हाड घेऊन त्याने दाराच्या बाजूची विटांची भिंत फोडली.

हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात हेन्रीची पद्धत दिसते. जे डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं, हातोडीने वाकवता येतं, त्याच्यावर त्याचा विश्वास. कागदावरच्या नकाशापेक्षा तो पार्ट हातात घेऊन बघायचा.

पहिल्या दोन कंपन्या काही जमल्या नाहीत. १८९९ ची पहिली बंद पडली, १९०१ च्या दुसरीतून तो १९०२ मध्ये बाहेर पडला. मध्यंतरी शर्यतींनी त्याचं नाव केलं. जानेवारी १९०४ मध्ये तर गोठलेल्या तलावाच्या बर्फावर त्याने स्वतः गाडी ताशी ९१ मैलांच्या वर, म्हणजे जवळपास १४७ किलोमीटरच्या वेगाने पळवली. त्याआधी १६ जून १९०३ ला फोर्ड मोटर कंपनी सुरू झाली होती.

मॉडेल टी: ब्रेक होता तरी कुठे?

१ ऑक्टोबर १९०८ ला मॉडेल टी आली. सुरुवातीची किंमत ८५० डॉलर. १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात चालती असेंब्ली लाइन सुरू झाली आणि गाडीचा सांगाडा जोडायला जिथे साडेबारा तास लागायचे, तिथे काही महिन्यांतच ९३ मिनिटं लागू लागली. जानेवारी १९१४ पासून कामगारांना दिवसाला ५ डॉलर मिळू लागले. पुढे साध्या मॉडेल टी ची किंमत २६० डॉलरपर्यंत उतरली. १९२७ पर्यंत दीड कोटीहून जास्त गाड्या निघाल्या.

आता या गाडीचे ब्रेक बघू. खाली तीन पॅडल होती, पण आजच्यासारखी नाहीत. डावं गिअरचं, मधलं रिव्हर्सचं आणि उजवं ब्रेकचं. ॲक्सिलरेटर पायात नव्हताच, तो स्टिअरिंगजवळच्या दांडीवर. आणि ब्रेकचं पॅडल दाबलं की चाकाला ब्रेक लागायचा नाही! गिअरबॉक्समध्ये एक ड्रम होता, त्याच्याभोवती पट्टा आवळला जायचा. इंजिनकडून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा त्याने मंदावायचा आणि त्याच्यामुळे चाकं. मागच्या दोन चाकांना छोटे ड्रम होते, पण ते हँडब्रेकसाठी. पुढच्या चाकांना काहीच नाही.

वऱ्हाडातल्या वाचकांसाठी एक खास गोष्ट. त्या पट्ट्याच्या आतलं अस्तर विणलेल्या कापसाचं होतं आणि ते इंजिन ऑइलमध्ये भिजत चालायचं. अस्तर झिजलं की लोक ते बदलायचे. ब्रेक कमी लागतोय असं वाटलं तर अनेक चालक सरळ रिव्हर्सचं पॅडल दाबून गाडी मंद करायचे.

यात धोका कुठे होता? ब्रेक गिअरबॉक्समध्ये, थांबवायची चाकं मागे. मधला दांडा किंवा मागच्या ॲक्सलमधलं काही तुटलं तर पॅडलच्या ब्रेकचा चाकांशी संबंधच संपला. दुसरं, गाडी थांबताना तिचं वजन पुढे झुकतं. बसमध्ये ब्रेक लागला की आपण पुढे जातो ना, तसं. म्हणजे थांबताना जमिनीवर जास्त पकड पुढच्या चाकांची असते, आणि ब्रेक होता फक्त मागच्यांना.

तरी ते चाललं, कारण गाडी हळू होती. २० हॉर्सपॉवरचं इंजिन, वेग फार तर ६५-७० किलोमीटर. मातीचे रस्ते, चिखल, उंच चाकं. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीतून गाडी काढणाऱ्याला हे लगेच पटेल: अशा रस्त्यावर थांबण्यापेक्षा निघणंच अवघड असतं. आणि बिघडलं तर गावातला लोहारसुद्धा ही गाडी दुरुस्त करू शकत होता. हेन्रीची गाडीची कल्पनाच ही होती.

तेलाचा ब्रेक कुठून आला?

इकडे रस्ते सुधारले, इंजिनं मोठी झाली. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते. ३० च्या वेगाला पुरणारा ब्रेक ६० ला तसाच पुरत नाही. म्हणून चारही चाकांना ब्रेक हवे झाले. पण चार चाकांना चार सळया लावल्या की चौघींचा ताण सारखा ठेवायचा कसा? पुढची चाकं वळतात, स्प्रिंगवर वरखाली होतात. सळई थोडी जरी ताणली गेली तर तो ब्रेक आधी लागतो आणि गाडी एका बाजूला ओढते.

याच्यावर माल्कम लॉगहेड या अमेरिकन माणसाने पास्कलचा नियम वापरला. हे तेच भाऊ, ज्यांच्या आडनावाचं स्पेलिंग पुढे बदलून लॉकहीड झालं आणि विमान कंपनीमुळे जगभर गेलं. १९२१ च्या सुमारास ड्यूझेनबर्ग या महागड्या गाडीत चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आले. १९२४ मध्ये वॉल्टर क्रायस्लरने ते आपल्या मध्यम किमतीच्या गाडीत दिले. सुरुवातीचे ब्रेक गळायचे. क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी आतले रबरी कप सुधारून ते भरवशाचे केले. आणि १९२८ मध्ये क्रायस्लरची स्वस्त गाडी, प्लायमाउथ, पहिल्या दिवसापासून हायड्रॉलिक ब्रेक घेऊनच बाजारात आली.

म्हणजे श्रीमंतांची चैन सात-आठ वर्षांत सामान्य गिऱ्हाइकापर्यंत पोचली होती.

मॉडेल ए: चार चाकं, चार सळया

हेन्रीला मॉडेल टी सोडवत नव्हती. विक्री घसरली तेव्हा कुठे १९२७ मध्ये त्याने ती बंद केली आणि डिसेंबर १९२७ मध्ये मॉडेल ए आणली. इंजिन ४० हॉर्सपॉवर, म्हणजे दुप्पट. ब्रेक चारही चाकांना, पण सळईचेच. पॅडलपासून एका आडव्या दांड्यापर्यंत आणि तिथून चार चाकांकडे चार सळया. १९३१ पर्यंत अशा सुमारे ४८ लाख गाड्या निघाल्या.

इथे हेन्रीवर अन्याय करू नका. मॉडेल ए चे ब्रेक नीट जुळवलेले असतील तर ते चारही चाकं जाम करू शकतात. चाक जाम झालं म्हणजे ब्रेकने त्याचं काम पूर्ण केलं. पुढचं टायर आणि रस्त्याच्या हातात. म्हणजे सळईत जोर कमी नव्हता. अडचण होती ती जुळणी टिकवण्याची. खिळी झिजते, सांध्यात गंज येतो, एका चाकाचं लायनर आधी घासतं. दर काही दिवसांनी गाडी उचलून चारही चाकं तपासायची. शिस्तीचा माणूस हे करेल. पण लाखो गिऱ्हाइकांपैकी किती जण करतील?

बापलेकाचं भांडण

एडसेल १९१९ पासून कंपनीचा अध्यक्ष होता. कागदावर. शेवटचा शब्द हेन्रीचाच. एडसेल शांत स्वभावाचा, त्याला बदलत्या बाजाराचं भान होतं. गाड्यांना जे देखणेपण आलं ते मुख्यतः त्याच्यामुळे. हायड्रॉलिक ब्रेक घ्यावेत असं त्याचं म्हणणं होतं आणि काही इंजिनिअर त्याच्या बाजूचे होते. हेन्रीने सगळ्यांसमोर पोराला गप्प बसवलं. विषय बंद.

बापाचा मुद्दा काय होता? पाय आणि चाक यांच्यामध्ये पोलाद असलं पाहिजे. पोलाद दिसतं. तेल नळीत असतं, दिसत नाही. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम गेले. कंपनीने पुढे जाहिरातीतही पॅडलपासून चाकापर्यंत पोलाद असल्याचाच गौरव केला.

१९३२ मध्ये हेन्रीने स्वस्त गाडीत व्ही-८ इंजिन देऊन सगळ्यांना चकित केलं. ६५ हॉर्सपॉवर, दोनच वर्षांत ८५. पळायला तुफान, थांबायला सळई. १९३६ मध्ये मोठा स्पर्धक शेव्हरोले हायड्रॉलिकवर गेला. १९३७ मध्ये फोर्डने बदल केला तो एवढाच, की सळईऐवजी पोलादी केबल आणली. पोलाद सोडलं नाही.

शेवटी १९३९ च्या मॉडेलमध्ये, म्हणजे १९३८ च्या अखेरीला बाजारात आलेल्या गाड्यांमध्ये, फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक दिले. त्याच वेळी आलेल्या मर्क्युरी या नव्या गाडीतही ते होते, आणि मर्क्युरीमागे एडसेलचाच आग्रह होता. प्लायमाउथनंतर दहा वर्षांनी पोराचं म्हणणं खरं ठरलं.

या सगळ्याशी मुंबईचा काय संबंध?

आहे! फोर्डची भारतातली कंपनी १९२६ मध्ये सुरू झाली. ती कॅनडाच्या फोर्डच्या हाताखाली होती, आणि मुंबई, कलकत्ता, मद्रास ही तिची ठिकाणं. १९२८ मध्ये जनरल मोटर्सनेही मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली. म्हणून महाराष्ट्रातल्या जुन्या वाड्यांत, संस्थानिकांच्या गॅरेजमध्ये फोर्ड आणि शेव्हरोले सापडतात. त्यांत सळईवाल्याही आहेत आणि तेलवाल्याही.

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांना गाडी भारतातच बनवायची होती. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात त्यांनी फोर्डशी बोलणी केली, ती जमली नाहीत. मग क्रायस्लरशी करार झाला. त्यातून १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली आणि १९४७ पासून तिच्या मुंबईतल्या कारखान्यातून डॉज, प्लायमाउथ अशा गाड्या बाहेर पडू लागल्या. बघा योगायोग: भारतात गाडी उभी करायला हात दिला तो तेलाच्या ब्रेकचा जुना पुरस्कर्ता असलेल्या क्रायस्लरने. पुढे याच कंपनीची फिएट आणि पद्मिनी मुंबईची टॅक्सी झाली, तीही हायड्रॉलिक ब्रेकवरच.

शेवटची वर्षं

हेन्रीचा हट्ट फक्त ब्रेकपुरता नव्हता. त्याच्या साप्ताहिकाने १९२० च्या दशकात ज्यू लोकांविरुद्ध वर्षानुवर्षं विषारी लिखाण छापलं. १९२७ मध्ये त्याला जाहीर माफी मागावी लागली. कामगार संघटनेला त्याने मारहाणीपर्यंत विरोध केला आणि १९४१ मध्ये करार करावाच लागला. मोठा माणूस होता म्हणून हे झाकायचं कारण नाही.

त्याच १९४१ मध्ये त्याने गांधीजींना आदराचं पत्र लिहिलं. गांधीजी तेव्हा आपल्या विदर्भातच, वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहत होते. उत्तरादाखल त्यांनी हेन्रीला एक चरखा पाठवला. सगळ्यात मोठ्या कारखान्याच्या मालकाला चरखा! पण हेन्रीला तो नक्की आवडला असणार असं मला वाटतं. चरख्यात काही लपलेलं नसतं. चाक, दोरी, चाती, सगळं समोर. सळईच्या ब्रेकसारखं.

मे १९४३ मध्ये एडसेल कॅन्सरने गेला, वयाच्या ४९ व्या वर्षी. म्हाताऱ्या बापाने पुन्हा अध्यक्षपद घेतलं, पण आता ते झेपत नव्हतं. १९४५ मध्ये नातू, दुसरा हेन्री फोर्ड, याच्याकडे कारभार गेला. ७ एप्रिल १९४७ च्या रात्री डिअरबॉर्नच्या घरी हेन्रीचा मृत्यू झाला. नदीला पूर आला होता, वीज गेली होती. एकेकाळचा वीज कंपनीचा मुख्य इंजिनिअर रॉकेलच्या दिव्यांच्या आणि मेणबत्त्यांच्या उजेडात गेला. वय ८३.

मग हेन्री चुकलाच होता का?

अर्धा. तेलाबद्दलची त्याची भीती खरी होती. त्या काळात सगळ्या चाकांना मिळून एकच तेलाचा मार्ग असायचा. नळी फुटली की पॅडल थेट तळाला. सळईचं असं होत नाही. एक तुटली तरी बाकीच्या काम करतात, आणि ती बिघडते तेव्हा सहसा हळूहळू बिघडते, आधी सांगते.

या भीतीला खरं उत्तर मिळायला आणखी बरीच वर्षं गेली. ते म्हणजे दुहेरी मास्टर सिलिंडर: तेलाचे दोन वेगळे मार्ग, एक गेला तरी दुसऱ्यावर निम्मे ब्रेक शिल्लक. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या शेवटी ते सक्तीचे झाले. आणि आजही अनेक कारचा हँडब्रेक तेलावर नसतो, पोलादी वायरवर असतो. हेन्रीचा मुद्दा तिथे टिकून आहे.

पण उरलेला अर्धा भाग जड आहे. त्याने स्वतःसारख्या माणसाचा विचार केला, ज्याला गाडीखाली झोपून चार नट जुळवायला आवडतं. गिऱ्हाइकाला गाडी घेऊन बाजाराला जायचं होतं. तेलाच्या ब्रेकमध्ये डावी-उजवी बाजू सारखी ठेवायचं काम पास्कलचा नियम करतो, आठवणीने नट आवळणारा माणूस नाही. वेग वाढल्यावर हाच फरक जिवावर बेततो.

जुनी गाडी हाती आली तर काय निवडायचं?

आता तुमच्या कामाचं. समजा घरात किंवा नात्यात एखादी जुनी गाडी आहे आणि ती रस्त्यावर आणायची आहे. मी या तीन गोष्टी बघेन.

पहिली, गाडी किती पळणार? मॉडेल ए सारखी गाडी रॅलीसाठी, ४०-५० च्या वेगाने चालवायची असेल तर सळई ठेवा. पण सगळ्या खिळ्या, बुश, ड्रम, लायनर नवे किंवा नव्यासारखे करून घ्या. ढिल्या सांध्यांवर नुसता नट आवळून उपयोग नाही. अर्धा पाय ढिलाई काढण्यातच जातो. १९३२ ते १९३८ ची व्ही-८ असेल आणि हायवेवर न्यायची असेल तर मी तेलावर जाईन. जगभरातले हौशी लोक यासाठी १९३९ नंतरच्या फोर्डचेच हायड्रॉलिक ब्रेक या जुन्या फोर्डला बसवतात. बदलताच आहात तर मास्टर सिलिंडर दुहेरीच घ्या. मॉडेल टी ला मात्र मूळ ब्रेक ठेवून मागच्या चाकांना जादा ब्रेक लावणं शहाणपणाचं.

दुसरी, सांभाळणार कोण? सळईला दर काही दिवसांनी हात लागतो, पण साध्या पान्याने काम होतं आणि पार्ट लेथवर बनतात. तेलाला रोजचा त्रास नाही, पण गाडी वर्षभर उभी राहिली की व्हील सिलिंडर जाम होतात, रबर कडक होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. ताजं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी धरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरते. घाट उतरताना ब्रेक तापले आणि ऑइल उकळलं की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, दाब पुढे जात नाही, पॅडल मऊ पडतं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल बदला आणि हवा नीट काढून घ्या. हे ऑइल रंगावर सांडू देऊ नका, रंग सोलून काढतं.

तिसरी, कागदपत्रं. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत बदल केलेला चालत नाही. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. ब्रेक बदलताना चॅसिसला वेल्डिंग किंवा भोकं पाडायची वेळ येणार असेल तर आधी आरटीओत विचारा. काढलेल्या सळया भंगारात देऊ नका, जपून ठेवा.

आणि मुळात हायड्रॉलिक ब्रेकची गाडी असेल, म्हणजे जुनी प्लायमाउथ, डॉज, फिएट, तर तिला सळईवर न्यायचा विचारही नको. सगळे रबर, नळ्या आणि सिलिंडर नवे करा आणि निवांत चालवा.

ज्यांच्याकडे व्हिंटेज कार नाही, म्हणजे आपल्यापैकी जवळपास सगळे, त्यांनी आज दोनच कामं करा. मोटारसायकलच्या मागच्या ब्रेकचा नट आणि सळईची पिन तपासा. आणि पुढे डिस्क असेल तर हँडलवरच्या डबीत ऑइल खालच्या खुणेच्या वर आहे ना, ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे.